वकीलकाकांच्या विमानाची मोटर

जळालेल्या मोटरी आमच्या पलंगाखाली असायच्या. बार्शीटाकळीत बाबांचं रिवायंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटरींना नवी तार गुंडाळायचं दुकान म्हणजे आमच्या एकुलत्या खोलीचा पुढचा अर्धा भाग. आई मोटरीतली जळकी तार ओढून काढायची; तिची बोटं कायम चिरलेली. गावात व्होल्टेज कमी, म्हणून पाण्याच्या पंपासाठी बाबा शेतकऱ्याला सांगायचे, "पाच एचपीची लागत असंल तं साडेसातची बसव." त्या खोलीतून मी इंजिनीअर झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते.

आता अमरावतीत मी ड्रोन आणि रिमोटवरची विमानं दुरुस्त करते. अकोल्याचे एक निवृत्त वकील असंच एक विमान घेऊन आले. पंख दीड मीटर, वजन सव्वा किलो. मोटर जळलेली, लेबल पुसलेलं.

"अशीच मोटर हवी."

"काका, ही आता मिळत नाही."

"मग तसंच उडेल का?"

"त्याहून भारी उडवते."

इथेच चुकलं. जुन्यापेक्षा वरची मोटर निवडली, चौदाशे केव्हीची. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटात किती फेरे. फेरे जास्त, तर पंखा लहान लागतो, नाहीतर मोटर तापते. मी आठ-सहाचा लावला. पहिला आकडा पंख्याची लांबी, दुसरा एका फेऱ्यात तो किती पुढे सरकतो, दोन्ही इंचात.

अकोल्याबाहेर सोयाबीन काढलेल्या वावरात उडवून पाहिलं. विमान सुसाट गेलं. काकांनी दोनच चकरा मारून उतरवलं.

"काम चांगलं आहे तुझं. पण हे आमचं विमान नाही."

"काहून? जोर तर डबल झाला!"

"जोर कोणी मागितला होता?"

मला राग आला. मग ते खाली बघत बोलायला लागले. "विमान आमची ही हाताने फेकायची. मी रिमोट धरायचो. फेकून झालं की ती सतरंजीवर जाऊन बसायची, थर्मासमधून दोन कप चहा ओतायची. तोवर एक चक्कर पूर्ण व्हायची. दोन वर्षं झाली तिला जाऊन. मला तेवढंच बघायचंय. तेवढं हळू."

मी घड्याळ काढलं. "काका, थर्मास उघडायचा. ओतायचा. दाखवा."

त्यांनी रिकाम्या हातांनी सगळं करून दाखवलं. दुसऱ्या कपाला हात थोडा थांबला. चाळीस सेकंद. वावराची एक चक्कर मी पावलांनी मोजली, चारशे मीटर. म्हणजे सेकंदाला दहा मीटर. सायकलच्या साधारण दुप्पट.

परतताना बाबांना फोन लावला.

"बाबा, विमान लय जोरात पयते."

"मोठी बसवली असंल तू."

"तुमीच शिकवलं ना!"

"अवं, ते पंपाले. पंपाले पानी वढा लागते. याले काय वढाचं हाय?"

या वेळी सगळं उलटीकडून केलं. आधी वेग, मग पंखा, शेवटी मोटर. पंखा अकरा-पाचचा: मोठा, पण हळू फिरणारा. चाकं उंच होती, म्हणून उतरताना तो जमिनीला लागत नव्हता. त्याच्या जोडीला साडेआठशे केव्हीची मोटर. टेबलावर बांधून पूर्ण थ्रॉटल दिला, मोटरीने अठरा अँपिअर घेतले. स्पीड कंट्रोलर, म्हणजे मोटरीला करंट मोजून देणारी पट्टी, तीस अँपिअरपर्यंत सोसणारा. बसलं.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच वावर; या वेळी काकांनी सतरंजीही अंथरली होती. काकांनी रिमोट घेतला, मी विमान उचललं.

"थोडं वर धर. तिचा हात उंच जायचा."

मी टाचा उंचावून फेकलं. ते वर गेलं आणि आरामात वळलं. आवाजही खालचा, घुमणारा. चक्कर एकेचाळीस सेकंदांत झाली.

तिसऱ्या उड्डाणाला त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला.

"मी फेकतो. तिला काय वाटायचं, ते तरी कळू दे."

फेकलं, आणि सतरंजीपाशी जाऊन उभे राहिले. बसले नाहीत.

माझ्या जॉब कार्डावर आता वजन आणि बॅटरीच्याही आधी एक प्रश्न असतो: किती वेगाने उडायला हवं? जोराचा आकडा त्यानंतर. त्या दिवशी विमान पाच वेळा उडालं आणि पाचही वेळा न मोडता उतरलं.