कॅनॉलच्या पाळेवरून

डोंगरकडा गावाजवळ कॅनॉलला पाणी सोडलं, की वाळलेला गाळ भिजून उग्र वास सुटतो. काल तो आला आणि ताईचा दहावीचा गणिताचा पेपर आठवला.

रस्त्यावर जीपगाड्यांची भीती, म्हणून तिला कॅरिअरवर बसवून मी कॅनॉलच्या पाळेवरून, काठच्या मातीच्या बांधावरून, सायकल न्यायचो. शाळा पलीकडे होती. कोरड्या कॅनॉलमधून सायकल उचलून आम्ही पार व्हायचो. त्या सकाळी तो भरून वाहत होता.

"काहून थांबला रे?"

"पाणी सोडलंय, ताई. पुलाकडून जाऊ."

"तवर पेपर सुरू व्हईल. तू जा माघारी."

हॉलतिकीट दातांत धरून ती उतरली. पाणी छातीपर्यंत चढलं. मध्यावर तिचा पाय सरकला, पण ती सावरली आणि पलीकडच्या काठावर निघाली.

तिचं ते धाडस मी वर्षानुवर्षं सांगत आलो. आम्हा दोघांत पोहता फक्त मला येत होतं, हे कधी सांगितलं नाही.