साहेबाच्या पिल्लाचं अंथरूण

कुत्र्याला अंथरूण घालायचं असतं हे आमच्या घरात कोणाला ठाऊकच नव्हतं. आमच्याकडचं कुत्रं चुलीपुढच्या राखेत झोपायचं आणि सकाळी अंग झटकून उठायचं. त्याच्यासाठी कोण कशाला शिवत बसणार? पण हे पिल्लू आमचं नव्हतं ना! ते साहेबाचं होतं.

बाबा जंगलखात्यात नाकेदार होते, म्हणजे जंगल राखणाऱ्यांतला सगळ्यांत खालचा माणूस. नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेला सरकारी दोन खोल्या होत्या, त्यात बाबा, माय आणि मी. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन. पुसाच्या, म्हणजे पौषाच्या, थंडीत इंग्रज साहेब दौऱ्यावर आला, नाल्याकाठी तंबू लागले, आणि तिसऱ्याच दिवशी त्याला नागपूरहून बोलावणं आलं. पिल्लाला गाडीत ओकाऱ्या होत, म्हणून खानसामा टोपली घेऊन आमच्या दारात हजर.

"साहब आठ दिन में लौटेंगे," तो बाबांना म्हणाला. "दूध उबालके देना. और बिस्तर रोज धुला हुआ चाहिए. कुछ हो गया तो तुम जानो."

टोपलीतला बिस्तर पिल्लाने खराब केला होता, तो खानसाम्याने वाटेत फेकून दिला होता. नवा द्यायची बुद्धी काही झाली नाही मेल्याला.

बाबा तो जाईपर्यंत "जी, जी" करत राहिले आणि मग ओट्यावर बसले ते उठेचनात. पलीकडच्या नाक्यावरच्या माणसाला मागच्या साली साहेबाचा घोडा लंगडला म्हणून घरी बसवलं होतं. तो माणूस आता दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोजीने धान कापायला जात होता.

"हे मेलं तं आपलंही तेच होय," बाबा म्हणाले.

"भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत आली," मायने कपाळावर हात मारला. "आपल्याच दारात काऊन आणून टाकलं यानं?"

पिल्लू मात्र गोड होतं. तांबूस, आखूड पायाचं, आणि कान इतके लांब की दूध पिताना वाटीत बुडायचे. साहेबाने ठेवलेलं नाव आमच्या तोंडात बसेना. माय त्याला नुसतं "साहेबाचं" म्हणे. "साहेबाचं भुकेलं का पाह्य," "साहेबाचं कुठं गेलं," असं दिवसभर चाले.

आता बिस्तर कशाचा करायचा? थंडीत आम्ही स्वतः तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरून त्यावर वाकळ टाकून झोपायचो. धानाच्या तणसाइतकं ऊबदार काही नसतं. मायने टोपलीत तणस भरलं. बाबांनी ते उपसून बाहेर टाकलं. "तणसात गोचीड राहते. आणि ते धुशीन कसं?" मग पोतं काढलं. ते खरखरीत, त्याला धानाचा कोंडा चिकटलेला. पिल्लू शिंकायलाच लागलं. मी म्हटलं, मायचं जुनं लुगडं घ्या, मऊ आहे. माय माझ्यावर अशी उसळली! सवाशिणीचं नेसलेलं लुगडं कुत्र्याखाली घालायचं? "तुह्या बापाच्या जिवावर उठली का?" म्हणाली. लुगडं बाद झालं.

शेवटी बाबांनी आपलं धोतर दिलं. दोन होती, त्यातलं जुनं. मायने त्याच्या घड्या घातल्या, मधे सावरीचा कापूस पातळ पसरला, भरभर टाके घातले. दुसऱ्यासाठी धोतराचं उरलेलं टोक, म्हणजे एक वाळत असताना दुसरं टोपलीत. बाबा आठ दिवस एकाच धोतरावर जंगलात जायला तयार झाले. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही, हेच आता खटकतं.

धुवायचं काम माझं. घरात साबणाची वडी नव्हती. आम्ही डोकं आणि कपडे टोरीच्या ढेपीने धुवायचो. टोरी म्हणजे मोहाची बी. तिचं तेल काढलं की मागे ढेप उरते. ती भिजवून चोळली की भरपूर फेस येतो, ऊ मरते, गोचीड मरते, मळ सुटतो. मायने बजावलं होतं, "तीन पाण्यातून काढजो. फेस दिसला नाई पायजे." आणि हीच ढेप उन्हाळ्यात डोहात टाकली की मासोळ्या पालथ्या होऊन वर येतात, हेही गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. आम्हाला माहीत नव्हतं असं मी कसं म्हणू? माहीत होतं. पण ते मासोळ्यांचं झालं. कापडाचं आणि मासोळीचं काही नातं असेल हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

चार दिवस मी नेमाने तीन पाणी केलं. पाचव्या दिवशी नाल्याचं पाणी असं गार होतं की बोटं वाकेनात. एकदाच बुचकळलं, पिळलं, कुंपणावर टाकलं आणि चुलीपाशी पळाले. वाळल्यावर छान पांढरं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच ते टोपलीत घातलं.

पिल्लाला दात येत होते. जे मिळेल ते चावायचं. दुपारी पाहते तो बिस्तराचा एक कोपरा चोखून चोखून ओला गच्च, आणि पिल्लाच्या तोंडाला फेस. मग ते ओकलं. परत ओकलं. मग आडवं झालं, पोट वरखाली, कान जमिनीवर पसरलेले.

"माय वं!" मी ओरडले.

माय धावत आली. आधी तिने सापाचा दात कुठे दिसतो का ते पाहिलं. मग तिचं लक्ष बिस्तराच्या ओल्या कोपऱ्याकडे गेलं. तिने तो हुंगला, जिभेला लावला आणि थुंकली.

"किती पाण्यातून काढलं?"

"तीन," मी म्हणाले.

मायने घंगाळात पाणी घेतलं, बिस्तर त्यात बुडवला आणि दोनदा चुबकला. पांढराशुभ्र फेस काठापर्यंत आला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि एक सणसणीत ठेवून दिली. गालावर पाच बोटं उठली. मला मार लागला त्याचं काही नाही, पण मग ती स्वतःच रडायला लागली, त्याने माझा जीव उडाला.

"बाबाले मी नाई सांगत," डोळे पुसून ती म्हणाली. "तूच सांगजो."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी त्या जनावराच्या उशाशी बसलो. चिंधी भिजवून तांदळाची पातळ पेज त्याच्या तोंडात पिळायची, ते ओकायचं, पुन्हा पिळायची. मी मनात सगळ्या देवांना काय काय कबूल केलं! पलीकडच्या नाक्यावरचा तो माणूस सारखा डोळ्यांपुढे येत होता. बाबा तसेच कोणाच्या तरी बांधीत वाकलेले, आणि लोक सांगणार, पोरीच्या आळसापायी झालं म्हणून. 

बाबा जंगलातून आले. त्यांनी टोपलीकडे पाहिलं आणि त्यांचं तोंडच उतरलं. मी त्यांचे पाय धरले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. थंडी, एकच पाणी, मायशी बोललेलं खोटं, सगळं. वाटलं, आता हे मारतील. मारतील तर बरं, असंही वाटलं.

"पेज ठरून रायली का पोटात?" त्यांनी एवढंच विचारलं.

"आताची ठरली," माय म्हणाली.

"मंग देत राहा."

दुसऱ्या दिवशी दुपारी पिल्लाने मान उचलली. त्याच्या पुढच्या दिवशी ते पेज आपणहून चाटायला लागलं. पण बरगड्या दिसत होत्या, केस विस्कटलेले, पाय लटपटत. आणि त्याच दिवशी निरोप आला: साहेब आला आहे, कुत्रं घेऊन या.

पिल्लू माझ्याशिवाय टोपलीत राहीना, म्हणून बाबांनी मला बरोबर घेतलं.  मी मनाशी पक्कं केलं होतं की साहेबाने विचारलं तर आपणच पुढे व्हायचं. चूक माझी, शिक्षा मला. मला वाटत होतं की तसं केलं की बाबांची नोकरी वाचेल.

साहेब तंबूपुढे खुर्चीवर बसला होता. त्याने पिल्लाला उचललं, बरगड्यांवरून बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"क्या किया इसको?"

मी तोंड उघडलं. बाबांनी मला हाताने मागे सारलं. पागोटं काढून ते साहेबापुढे वाकले.

"हुजूर, बिस्तर मैंने धोया. ठीक से नहीं धोया. गलती मेरी है."

मग साहेब जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. अर्धं इंग्रजीत होतं, पण गधा आणि सुअर मला कळत होतं. खानसाम्यासमोर, गाडीवानांसमोर, माझ्यासमोर. बाबांची मान खाली, हात जोडलेले, आणि दर वाक्याला "जी हुजूर."  शेवटी साहेब दमला. पिल्लू त्याची बाही चावायला लागलं तसा तो जरा हसला, "जाव," म्हणाला आणि तंबूत गेला. नोकरी गेल्याचं काही बोलला नाही.

खानसाम्याने टोपलीतला बिस्तर काढून बाहेर भिरकावला. बाबांनी तो उचलला, माती झटकली आणि खांद्यावर टाकला.

परत येताना मला हुंदका आवरेना. म्हटलं, "बाबा, तुम्ही खोटं काऊन बोललेत जी? मी सांगणार होती ना."

बाबा चालता चालताच म्हणाले, "मले तं तो नेहमीच तसा बोलते, बेटा. मले सवय आहे. तुले काऊन लावून देऊ?"