जर्मनाच्या कपाटाची दारं

सुताराच्या घरात जन्मले आणि सुताराच्याच घरात पडले, त्यामुळे लाकडाचं मला कौतुक नाही. चौथी झाले, पुढची वर्षं भुसा झाडण्यात गेली. नवऱ्याची नजर अधू झाली तेव्हा शेवटची काही वर्षं रंधाही मारला. गावात लोक हसायचे. हसू देत, कामं वेळेवर जायची.

नवरा गेल्यावर मुलाने सिंगापूरला आणलं. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. मुलगा जहाजावर इंजिनिअर, वर्षातले सहा-सात महिने समुद्रावर. सून शहरात ऑफिसला. पासिर रिसला सातव्या मजल्यावर आमचा भाड्याचा फ्लॅट. लिफ्ट पाचव्यावर थांबायची, मग एकदम नवव्यावर. म्हणजे दोन मजले चढा नाहीतर दोन मजले उतरा. मी उतरायची.

एके दिवशी शेजारच्या दारातून सागाचा वास आला. मी सरळ जाऊन आत डोकावले. एक उंच गोरा माणूस टेबलाशी उभा राहून फळी तासत होता. मला पाहून त्याने मान हलवली आणि काम चालू ठेवलं. मला हे आवडलं. काम टाकून गप्पा मारणारा सुतार मला चालत नाही.

तो जर्मन. बायको आणि सात वर्षांची मुलगी घेऊन इथे आला होता. नौकांच्या आतलं लाकूडकाम करणाऱ्या एका कंपनीत नोकरी होती. संध्याकाळी घरी येऊन पुन्हा स्वतःचं काहीतरी करत बसायचा. बसायचा म्हणजे उभा राहायचा. आमच्याकडे सुतार जमिनीवर मांडी ठोकतो, लाकूड पायांनी धरतो आणि दोन्ही हात मोकळे ठेवतो. याला लाकूड धरायला प्रत्येक वेळी लोखंडी शिकंजा लागायचा. मी सुनेला म्हटलं, "त्याला सांग, देवाने पाय कशाला दिलेत?"

सून इंग्रजीत बरंच काही बोलली. जर्मन हसला आणि छातीवर हात ठेवून वाकला.

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, आईंना तुमचं काम आवडलं."

माझं बोलणं ती असंच धुऊन, इस्त्री करून पुढे द्यायची.

त्याची बायको धडधाकट, बोलायला मोकळी. घरी पाव भाजायची, दगडासारखा. एकदा मला अर्धा दिला. तो मी आमटीत भिजवून खाल्ला आणि तिला तसं सांगितलं. तिनेही मग डाळ शिकून घेतली.

दुसऱ्या वर्षी त्या कंपनीने लाकूडकामाचा विभागच बंद केला. जर्मनाची नोकरी गेली. नोकरी गेली की इथे राहायचा पासही जातो. महिनाअखेरपर्यंत दुसरा मालक मिळाला तर राहायचं, नाहीतर बिऱ्हाड उचलायचं. एका फर्निचरच्या दुकानाचा चिनी मालक, म्हणजे त्यांच्या भाषेत तौके, तयार झाला, पण अटीवर. म्हणाला, सागाचं एक कपाट करून दाखव. मी घरी येऊन बघेन. आवडलं तर नोकरी, पास, सगळं देतो. बुओना व्हिस्टाच्या बाजूला नवीन कॉन्डो, म्हणजे पैसेवाल्यांच्या इमारती, होत होत्या. तिथल्या लोकांना खऱ्या लाकडाचं सामान हवं होतं.

जर्मनाने आतल्या खोलीत काम मांडलं. खिडक्या बंद, एसी चोवीस तास चालू, कारण उकाडा त्याला सोसत नसे. कपाट झालं मात्र देखणं. एक खिळा नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड बसवून केलेले. दोन दारं अशी बसवली होती की मधली रेघ दिसू नये. मी नख घालून पाहिलं. नख जाईना.

"फट कुठे आहे?" मी विचारलं. "त्याला सांग, दारं फुगणार. आमचे सासरे दोन पोस्टकार्डं सरकतील एवढी फट ठेवायचे. पावसाळ्यात सगळ्या गावाची कपाटं अडकायची, आमची नाही."

या वेळी सुनेने नीट सांगितलं असावं, कारण जर्मनाचा चेहरा पडला. तो म्हणाला, फट म्हणजे वाईट सुतार. त्याचा गुरू फट दिसली की दार नव्याने करायला लावायचा.

"गुरू सिंगापूरला राहत होता का?"

हे काही सुनेने सांगितलं नाही.

तौके सोमवारी सकाळी दहाला येणार होता. त्याला दाखवायला म्हणून गुरुवारी कपाट बाहेरच्या खोलीत आणलं. तिथे एसी नाही, खिडक्या उघड्या. नोव्हेंबर होता. इथे नोव्हेंबरात पाऊस येतो तो कपडे वाळू न देणारा. गुरुवार, शुक्रवार, शनिवार तो पडतच राहिला.

रविवारी सकाळी जर्मन बाईने आमचं दार ठोठावलं. आम्ही गेलो. कपाटाची दारं घट्ट बसली होती. तिचा नवरा हाताची घडी घालून कपाटासमोर उभा. मी मूठ धरून ओढलं, तेव्हा करकरत एक दार उघडलं. पुन्हा लावायला गेले तर लागेना.

"मग रंधा मार," मी म्हटलं. "उभा काय राहिलायस?"

सून त्याच्याशी बोलली आणि माझ्याकडे वळली. "आई, ते म्हणतात, आज रविवार आहे."

"बरं मग?"

"रविवारी ते हत्याराला हात लावत नाहीत. त्यांच्या गावात कोणीच लावत नाही. वडीलही सुतार होते, त्यांनी जन्मात कधी लावला नाही."

"आणि उद्या दहाला?"

"म्हणतात, उद्या सहाला उठून करीन."

दोन दारं, चारही कडा, वर पुन्हा तेलाचा हात. चार तासांत होण्यातलं हे काम नव्हतं. ते त्यालाही ठाऊक होतं. त्याची बायको त्याच्यावर जर्मनमध्ये कडाडली. मग सुनेकडे वळून इंग्रजीत काहीतरी म्हणाली. सून लाल झाली.

"काय म्हणते?"

"काही नाही."

"सांग."

"म्हणते, परत गेलो तर याच्या आईच्या घरी वरच्या मजल्यावर राहावं लागेल. त्यापेक्षा मी इथे रस्ता झाडीन."

आणि सून माझ्याकडे बघायला लागली.

"माझ्याकडे काय बघतेस? बाई खरं बोलते आहे."

जर्मन बाईने मग कोणाला विचारलं नाही. पेचकस घेतला, बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि दोन्ही दारं जमिनीवर ठेवली. मी पदर खोचला, खाली बसले, एक दार पायांत धरलं आणि त्याचा रंधा उचलला. लोखंडी, जड, मूठ भलत्याच ठिकाणी. पहिला हात मारला तो घसरला. दुसरा मारला तो वाकडा गेला.

"नाइन!" जर्मन ओरडला. म्हणजे नाही. एवढं जर्मन मला येत होतं.

सून अजून विचारते, आई, तुम्ही मुद्दाम वाकडा मारलात ना? मुळीच नाही. हाताची सवय गेली होती. मुद्दाम लाकूड खराब करणारी मी नाही.

तो धावत आला आणि माझ्या हातातून रंधा काढून घेतला. दार टेबलावर न्यायला निघाला, तर मी पाय काढेना. "इथेच मार. मी धरते." त्याला मांडी घालता येईना. शेवटी दोन्ही पाय फाकवून, लहान मूल चिखलात बसतं तसा बसला. मी पायांनी धरलेलं, तो तासतोय. पाचेक मिनिटांनी तो सुनेला काहीतरी म्हणाला.

"म्हणतात, हे काम नाही, दुरुस्ती आहे. दुरुस्ती चालत असावी."

"चालते म्हणावं. मी परवानगी दिली."

मी घरी जाऊन मुलाने बंदरांवरून पाठवलेली दोन पोस्टकार्डं आणली. ती सरकेपर्यंत त्याला थांबू दिलं नाही. त्याच्या मुलीने लाकडाच्या सालांच्या गुंडाळ्या कानात अडकवल्या आणि घरभर मिरवत हिंडली. चारपर्यंत दारं लागली. जर्मनाच्या गुडघ्यांनी त्याला उठू दिलं नाही, बायकोने हात धरून उठवला.

सोमवारी तौके आला. ठेंगणा माणूस, अर्धी चड्डी, पायात सपाता, दोन मजले चढून घामाघूम. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मी गेले. सूनही त्या दिवशी ऑफिसला उशिरा निघाली. तौकेने दारं उघडली, लावली, पुन्हा उघडली. मग मधल्या रेघेत नख घातलं. आता ते जात होतं.

"हे काय?" त्याने विचारलं. "गॅप का?"

जर्मनाला खोटं बोलता येत नसे, ही त्याची मोठी अडचण होती. त्याने माझ्याकडे बोट दाखवून सगळं सांगून टाकलं. एसी, पाऊस, अडकलेली दारं, रविवारसुद्धा. सून मला हळूच एकेक सांगत होती. मला वाटलं, संपलं.

तौकेने माझ्याकडे पाहिलं. "आंटी, तू सुतार?"

"सुताराची बायको," सुनेने सांगितलं.

तो मोठ्याने हसला. म्हणाला, माझ्या दुकानातली निम्मी कपाटं दारं अडकली म्हणून परत येतात, आणि कारागीर म्हणतात गिऱ्हाईकालाच उघडता येत नाही. "कॅन, कॅन," तो म्हणाला, म्हणजे चालेल. मग जर्मनाला विचारलं, "किती दिवस लागले?"

"सतरा."

"टू स्लो, लाह. दहा."

जर्मनाने छाती पुढे काढली. "चांगल्या कामाला निदान चौदा..."

"दहा," बायको म्हणाली.

तौकेने गुरुवारी पासपोर्ट घेऊन दुकानात यायला सांगितलं. जर्मन अजून चौदाचा हिशेब समजावत होता, पण ऐकायला कोणी नव्हतं. बायको स्वयंपाकघरात गेली. कप सगळे खोक्यात बांधून झाले होते. तिने सुरीने खोक्याची पट्टी फाडली, कप बाहेर काढले आणि आम्हा सगळ्यांना चहा दिला. साखर टाकायला विसरली. मी तसाच प्यायले.