दोस आंबियेन्तेस म्हणजे दोन बेडरूम नव्हे

मंडळी, जर्सी सिटीत घर शोधताय आणि मालकीण स्पॅनिश बोलणारी असेल, तर माझ्यासारखा शहाणपणा करू नका.

डिव्होर्सनंतर मला दोन बेडरूमचंच घर हवं होतं. माझी नऊ वर्षांची लेक सई आता फक्त वीकेंडला माझ्याकडे असते. तिला मी तिची स्वतःची रूम प्रॉमिस केली होती. अर्जेंटिनाच्या एका आजींनी फोनवर 'दोस आंबियेन्तेस' सांगितलं. दोस म्हणजे दोन, एवढं मला येतं. फोटोतही दोन खोल्या दिसल्या. हॉल वेगळा असेलच, असं धरून वर्षाचं लीज साइन केलं.

आज सईला घेऊनच किल्ली घ्यायला गेलो. एक बेडरूम, एक हॉल, संपलं घर. आजी म्हणाल्या, आंबियेन्तेस म्हणजे नुसत्या खोल्या, आमच्यात त्यात हॉलही मोजतात. आमचं सोलापूरचं दोन खोल्यांचं घरही असंच मोजलेलं होतं. मला तरी कळायला हवं होतं यार.

माझ्याशी कायम इंग्रजीत बोलणाऱ्या सईने दारासाठी चक्क मराठीत पाटी करून आणली होती, 'सइची खोली'.

मी म्हणालो, "बेडरूम तू घे, मी हॉलमध्ये झोपतो."

"नो बाबा, यू हॅव बॅक पेन."

मग तिने पाटीवरचं 'सइ' खोडलं, वर 'बाबा' लिहिलं आणि पाटी बेडरूमच्या दाराला लावली.

आता ती हॉलमध्ये तिच्या बॅगेवर बसून होमवर्क करतेय. हॉलला दार कसं बसवून घेतात, कुणाला माहीत आहे का?