मंगळवारचा निळा उंट

अख्ख्या खामगावात माह्यासारखा दुसरा कारागीर नाई. हे मी म्हटलं की माही बायको मार्था लगेच हात जोडते अन् म्हणते, "प्रभूचे उपकार, एकच हाये!"

आता तिचं पण चूक नाई. मी काम सुरू करतो ना, तं पाहणाराले वाटते हा माणूस संध्याकाळपर्यंत राजवाडा उभा करते. पण काम अर्ध्यात आलं की मले दुसरंच काई सुचते, अन् पहिलं काम भिंतीले टेकून उभं राह्यते. शाळा पण मी तिसरीत अर्धीच सोडली. मास्तर म्हणे, "दान्या, वर्ष तं पुरं कर!" तेव्हापासून जे टेकवाचं सुरू झालं ते आजपर्यंत. आमच्या घरात आता मोकळी भिंतच राह्यली नाई.

त्या वर्षी माही पोरगी एस्तेर पहिल्या बाळंतपणाले आमच्याकडे आली. पोरगी झाली. आवाज असा की ती रडली तं गल्लीतले कुत्रे चूप बसत. आमच्याकडे पहिल्या लेकराचा पाळणा माहेरचा असते. जावई जालन्याहून फोनवर म्हणे, "मामा, तुम्हाले त्रास नको, मी रेडिमेड पाठवतो."

"रेडिमेड?" मी म्हटलं, "माह्या नातीले रेडिमेड? जावईबापू, मी जित्ता हाये अजून! सागवानी पाळणा करतो, माह्या हातचा!"

मागून मार्था वरडली, "हो म्हणा त्याहीले! रेडिमेडले हो म्हणा!" पण तोपर्यंत मी फोन ठेवला होता.

नाताळच्या दिवशी चर्चमंदी बाळाचं अर्पण होतं. म्हंजे लेकराले वेदीसमोर नेऊन देवाच्या हवाली कराचं. त्याले जालन्याहून विहीणबाई येणार, अन् सगळ्या मंडळीसमोर माहेरचा पाळणा दिसणार. तवर पोरगी मार्थाच्या जुन्या लुगड्याच्या झोळीत लटकून राह्यली होती.

पाळण्याचं सागवान मी आरामशीनवरून लगेच आणलं. चार पाय कापले. अन् मंग मले दुसरं काम आलं. चर्चच्या दारावरचा मोठा तारा. मंग शब्बाथ शाळेच्या, म्हंजे चर्चच्या रविवारच्या पोराच्या शाळेच्या, नाटकातला उंट; त्याच्यावर येशूबाळाले पाह्याले पूर्वेकडून आलेला एक मागी राजा बसणार होता. मंग गव्हाणी, येशूबाळाची बाहुली ठेवाले. मंग शेजारच्या गजाचं कोंबड्याचं खुराडं. (गजा मंडपाच्या लायटिंगचं काम करते. त्याले मी नाई म्हणू शकत नाई, त्याची शिडी माह्याकडे हाये.) अन् मार्थाची स्वयंपाकघरातली फळी तं होतीच. तिची ऑर्डर एस्तेरच्या लग्नाच्या आधीची.

नाताळ रविवारी होता. त्याच्या आधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी संदेश देल्ला. म्हणे, देवानं जग केलं ते घाईघाईनं नाई. पहिल्या दिवशी उजेड, दुसऱ्या दिवशी आभाळ, तिसऱ्या दिवशी जमीन अन् झाडं, चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र, तारे. पाचव्या दिवशी पाखरं अन् मासे, सहाव्या दिवशी जनावरं, अन् सगळ्यात शेवटी माणूस. रोज केलेलं काम पाह्यलं, चांगलं झालं म्हटलं, अन् सातव्या दिवशी आराम. "आपण मात्र दहा कामं एकदम काढून बसतो," असं म्हणून त्यांनी सरळ माह्याकडे पाह्यलं! (माह्याकडे नाई, माह्या डोक्यावर पंखा नोहता तिकडे पाह्यत होते, हे मले मागून कळलं. तो पंखा मी दुरुस्तीले खोलला होता. घरी भिंतीले टेकून हाये.)

मार्थानं कोपर मारलं. "ऐका, तुमच्यासाठीच हाये."

मी तं उडालोच! कामं सहा, दिवस सहा! सोमवार ते शनिवार. हा योगायोग नाई, हा वरून आलेला निरोप हाये! घरी आलो, गजाले बोलावलं. मले लिहिता येत नाई, म्हून त्याच्या हातात कोळसा देल्ला. जिथं पाळण्याचे पाय टेकवले होते त्याच्या वरच्या भिंतीवर तो लिहाले बसला.

"सोमवार, उजेड," मी म्हटलं.

"थांब बे. सूर्य चौथ्या दिवशी, तं पहिल्या दिवशी उजेड कायचा?"

"मले काय मालूम! टेम्परवारी कनेक्शन घेतलं अशीन. तू लिही."

"लिहिलं. आता सोमवारी कोणतं काम कराचं?"

इथं आमचं दोघाचं डोकं थांबलं. उजेडाचं काम म्हंजे तारा. पण ताऱ्याचा तं चौथा दिवस! मंग उजेडाच्या दिवशी काय, फळी? फळीले उजेड कायचा? पाळणा? गजा म्हणे, "मले वाटते देवानं उजेड एकट्या कोणाले नाई देल्ला. सगळ्यालेच देल्ला."

बस! तिथंच चावी फिरली. एक दिवस, एक काम असं नाईच. एक दिवस, सगळ्याले थोडं थोडं!

"अन् गव्हाणी कोण्या दिवशी?" गजानं इचारलं.

मी बोटावर मोजलं. "त्या सहा दिवसात गव्हाणी नाई केली देवानं."

"मंग?"

"मंग सोड."

सोमवारी उजेड. गजानं लायटिंगच्या माळा आणल्या. ताऱ्याले माळ. (ताऱ्याच्या अजून कामट्या बांधल्या नोहत्या. माळ नुसतीच खिळ्याले लटकवली.) उंटाच्या डोळ्यात दोन बल्ब. खुराड्यात बल्ब. पाळण्याच्या फळ्यांवर लुकलुकणारी माळ. मार्थाच्या फळीले पण एक बल्ब, अजून भिंतीवर न लागलेल्या! संध्याकाळी मी कमरेवर हात ठेवून पाह्यलं अन् मोठ्यानं म्हटलं, "चांगलं झालं!"

मार्था दारातून म्हणे, "देवाले निदान काय केलं ते दिसत तं होतं."

मंगळवारी आभाळ. निळा रंग आणला, चार लिटरचा डबा. डबा उघडला की संपवा लागते, नाई तं सुकते. म्हून सगळंच निळं केलं. खुराडं निळं, फळी निळी, पाळण्याच्या फळ्या अन् पाय निळे, उंट निळा, उंटाचे पाय निळे. सगळ्या तुकड्याले वाळाले ओट्यावर लायनीनं उभं केलं. तेवढ्यात पाळकसाहेब आले.

"दानियलभाऊ, हा उंट निळा का आहे?"

"मंगळवार हाये साहेब."

पाळकसाहेब शांत माणूस. चष्मा काढला, पुसला, परत लावला. उंट निळाच होता.

"आणि तारा?"

"तारा गुरुवारी."

"उंट कधी पुरा होणार?"

"उंट शनिवारी साहेब. जनावरं सहाव्या दिवशी."

"अहो, पण मुलांची तालीम उद्या आहे!"

"मी काय करू साहेब, वरूनच तसं ठरलं हाये," मी म्हटलं, अन् भिंत दाखवली. त्यांनी भिंत वाचली. दोनदा वाचली. मंग हळूच म्हणे, "भाऊ, मी म्हटलं होतं की एक काम हाती घ्यायचं, पुरं करायचं, मग दुसरं. आणि आधी ते, ज्याची कुणाला खरी गरज आहे." झोळीत पोरगी रडत होती, म्हून मले नीट ऐकू नाई आलं.

बुधवारी झाडं. मी पाळण्याच्या फळ्यांवर पटाशीनं वेली अन् पानं कोरली. खूप सुंदर कोरली, स्वतःचं सांगत नाई. पाळणा मात्र अजून तुकड्यातच होता. गुरुवारी ताऱ्याच्या कामट्या बांधल्या, जिलेटिनचा रंगीत कागद चिकटवला, अन् मंग लक्षात आलं की माळ बाहेरच राह्यली. तारा फाडला, माळ आत टाकली, परत चिकटवला. शुक्रवारी पाखरं. दिवसभर खुराड्यावर मेहनत घेतली अन् ते पुरं झालं! दार, कडी, सगळं. गजाच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणे, "दान्या, पंधरा वर्षात तुह्या हातून पुरं झालेलं पह्यलंच काम पाह्यतो."

एस्तेर घरातून म्हणे, "बाबा, कोंबड्याले घर झालं. माह्या लेकराले कधी?"

"माणूस शनिवारी, बाई! तेही शेवटी!"

शनिवार आला. जनावर अन् माणूस एकाच दिवशी. म्हंजे उंट अन् पाळणा. आता इथं माही एक हुशारी मले नडली. पट्टी सारखी सारखी कोण मोजते, म्हून मी एकाच कामटीच्या मापानं उंटाचे चार पाय अन् पाळण्याचे चार पाय कापले होते. पाळण्याचे सागवानी, उंटाचे सफरचंदाच्या खोक्याच्या लाकडाचे. अन् मंगळवारी आठही निळे केले होते! ओट्यावर आठ निळे पाय लायनीनं उभे. कोणते कोणाचे, येशूबाळाले माहीत!

"हे चार वजनाले भारी हायेत," गजा म्हणे.

"उंट भारी असते, उंटाचेच अशीन," मी म्हटलं. घाई होती बाप्पा! त्यानं उंटाले ते चार ठोकले, मी पाळण्याले राह्यलेले चार.

संध्याकाळी सगळं सामान चर्चमंदी नेलं. पाळकसाहेबांनी इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं. "गव्हाणी?"

"ती यादीत नोहती साहेब."

पाळकसाहेबांनी परत चष्मा काढला. तेवढ्यात गजा म्हणे, "साहेब, गव्हाणी म्हंजे ढोराले कडबा टाकाची ना? आमच्या वावरात तीन हायेत. ते मले येते." खुराड्याच्या उरलेल्या फळ्या घेतल्या, चार खिळे, अर्धा घंटा. कुठं उजेड नाई, कुठं निळं नाई, कुठं पान नाई. आत गवत टाकलं. मी मनात म्हटलं, काय साधं काम हाये!

रविवारी चर्च भरलं. विहीणबाई नव्या लुगड्यात पुढं बसल्या. पाळण्यावर मी चादर टाकली होती. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, अन् मी एका झटक्यात चादर ओढली. निळा पाळणा, वेली, पानं, लाल-पिवळी माळ लुकलुक, लुकलुक! मंडळी "अरे वा!" म्हणाली. विहीणबाई उठल्याच. "लई झाक झालाय! ठेवा की बाळाला!"

एस्तेर पोरगी घेऊन पुढं आली.

"थांब वो," मार्था म्हणे.

"काऊन?" मी म्हटलं. "सगळे पाहून राह्यले!"

"म्हूनच." तिनं बाजूची दानातली दहा किलो तांदळाची थैली उचलली अन् पाळण्यात ठेवली. एक झोका देल्ला.

पाळणा करकरला. मंग त्यानं चारही पाय चार दिशेले पसरवले, अगदी नव्यानं उभ्या झालेल्या वासरावाणी, अन् बसला. थैली फुटली. तांदूळ वेदीपर्यंत! माळ मात्र लुकलुकतच होती. अन् बाजूले तो निळा उंट सागवानी पायावर असा उभा होता की त्याच्यावर मागी राजा काय, अख्खी कमिटी बसली असती तरी हालला नसता.

 माह्या नातीनं भोकाड पसरलं. एस्तेरनं इकडे तिकडे पाह्यलं, गव्हाणीतली बाहुली उचलून उंटाच्या पाठीवर ठेवली, अन् पोरगी गव्हाणीत गवतावर निजवली. वरून तिचं दुपटं.

पोरगी चूप! डोळे मिटले. झोपली पण! अख्ख्या मंडळीत एवढी शांतता झाली की गजाच्या कोंबड्या घरी बल्बात बसून काय बोलत असतीन ते ऐकू आलं असतं.  पाळकसाहेबांनी तिथंच, गव्हाणीजवळ गुडघे टेकून अर्पण केलं.

उपासना सुटली. मी वाकून तांदूळ गोळा करत होतो. विहीणबाई गव्हाणी हलवून पाहत होत्या. "कसली मजबूत आहे! कुणी केली?"

"मी," गजा म्हणे. (मी तोंड उघडलं होतं, पण तो आधी बोलला.)

"अन् व्याहीबुवांनी काय केलं?"

आता मले राहवलं नाई. मी उभा राह्यलो, हातातला तांदूळ झटकला. "विहीणबाई, माही पद्धत चूक नोहती! मी देवाच्याच पद्धतीनं गेलो. पह्यले उजेड, मंग आभाळ, माणूस सगळ्यात शेवटी..."

मार्थानं झोपलेल्या नातीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. माह्याकडे पाह्यलं पण नाई.

"माणूस शेवटी केला तेच बरं झालं, विहीणबाई," ती म्हणे. "आधी केला असता तं हे देवाले मदत कराले गेले असते, अन् जग अजून भिंतीले टेकून उभं असतं."