यादव भोये आणि रंगूबाईचा खांदा

यादव भोये १९८९ साली नाशिकच्या एका धर्मादाय रुग्णालयात सफाई कामगार म्हणून लागला. तीन वर्षांनी तिथे फिजिओथेरपीचा विभाग उघडला आणि त्याला तिकडे धाडण्यात आले, ते केवळ त्याच्या हातांमुळे. पेठ तालुक्यातल्या डोंगरउतारावर भात आणि नागली पिकवणाऱ्या घरातले ते हात होते. रुंद, संथ, न थरथरणारे. विभागप्रमुख ज्योत्स्ना मॅडम व्यवस्थापकांना म्हणाल्या, "यंत्रं नंतर आणा. आधी हा माणूस द्या."

यादव सातवी शिकलेला होता. मॅडमनी त्याला पहिल्याच आठवड्यात भिंतीपाशी उभे केले. मान सरळ, पाय जुळलेले, हात बाजूला सोडलेले, तळवे समोर. प्रत्येक हालचाल इथून मोजायची, असे त्यांनी सांगितले.

"पण मॅडम, असं तर कुणीच उभं राहत नाही."

"म्हणूनच. सगळे एकदा सारखे उभे राहिल्याशिवाय कोण किती हलला, हे ठरवायचं कशावरून?"

हे वाक्य त्याला पटले. पुढे सांध्यांची भाषा तो शिकत गेला. सांधा मिटतो ते आकुंचन, उघडतो ते प्रसरण. अवयव अंगापासून दूर जातो ते अपवर्तन, अंगाकडे परत येतो ते अभिवर्तन. हाड स्वतःच्या आसाभोवती फिरते ते परिभ्रमण. शब्द परके होते, पण ज्या गोष्टींना ते लावायचे त्या यादवच्या ओळखीच्या होत्या. भाताच्या आवणीत, रोपे लावताना, बायका दिवसभर कंबरेच्या आकुंचनात असतात. जात्यावर बसलेल्या आईचा खांदा सगळ्या दिशांनी मिळून एक वर्तुळ काढतो. उखळात मुसळ पडते तेव्हा कोपर उघडते, वर जाते तेव्हा मिटते. आपल्या माणसांच्या कष्टाला इतकी नेमकी नावे आहेत आणि ती त्यांना कुणी सांगितली नाहीत, याचे त्याला नवल वाटे. नंतर नंतर दुःख वाटू लागले.

शिकाऊ मुली त्याला मामा म्हणत. त्याच्या कामाची एक शिस्त विभागात नावाजली गेली होती. रोग्याचा अवयव लोंबकळू द्यायचा नाही. कुणी हात उचलू लागला, की यादवचा तळवा त्याच्या कोपराखाली जाई. सांगावे लागत नसे. दहा वर्षांत ती हालचाल त्याच्या स्वतःच्या लक्षातही येईनाशी झाली.

२००३ च्या जानेवारीत अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांचे शिबिर भरले. सुरगाणा, पेठ, हरसूलकडून माणसे पहाटेच्या एसटीने आली होती. तपासणारे अस्थिरोगतज्ज्ञ एकटे होते आणि रांग फाटकाबाहेर गेली होती. माणसांना डॉक्टरांसमोर नीट उभे करण्यासाठी यादवला बोलावून घेतले होते.

दुपारी रंगूबाई आली. यादवच्या गावापासून एक ओहोळ ओलांडला की तिचा पाडा. मागच्या हंगामात दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला जाताना ती ट्रॉलीतून उजव्या खांद्यावर पडली होती. हाड मोडले नव्हते, पण मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या आणि हात उचलणारे स्नायू निकामी झाले. तिची मुलगी मीना आश्रमशाळेत सातवीला होती. कागदावर चाळीस टक्के लागले तर महिन्याला सरकारी मदत सुरू होणार होती. नाहीतर दिवाळीनंतर मीनाला शाळेतून काढून आईच्या जागी द्राक्षमळ्यात पाठवायचे, असे दिराने ठरवून टाकले होते.

"हात बाजूने वर घ्या," डॉक्टर म्हणाले.

"रंगूबाई, आंगापासून वर कर," यादवने सांगितले.

तिने जोर केला आणि यादवचा तळवा तिच्या कोपराखाली गेला. हात कानापर्यंत अलगद चढला. डॉक्टरांनी दोन पात्यांचे कोनमापक लावले. एक पाते धडालगत, दुसरे दंडावर.

"एकशे साठ अंश. पुढचा."

वेगळे काही घडले आहे, असे रंगूबाईलाही वाटले नाही. त्यांच्या डोंगरात मोळी किंवा पाण्याचा हंडा एकट्याने डोक्यावर चढवण्याची रीत नाही. वाटेने जाणारा थांबतो, हात लावतो आणि चालू लागतो. ज्याला हात लावला तो उपकार मानत नाही. ज्याने लावला तो लक्षात ठेवत नाही.

तीन आठवड्यांनी ती कागद घेऊन विभागात आली. "भाऊ, वाच बरं. तालुक्याला साहेब हसला माझ्यावर."

यादवने वाचले. अपंगत्व दहा टक्के. खांद्याची हालचाल जवळजवळ पूर्ण.

"हात वर कर," तो म्हणाला आणि कोपराकडे निघालेला आपला तळवा त्याला स्वतःला दिसला. त्याने तो मागे घेतला. रंगूबाईचा हात वीतभर हलला आणि खाली पडला.

"कागदावर तर लय वर गेला म्हनं," ती म्हणाली. "मंग तो हात कुनाचा व्हता?"

माणूस आपल्या बळावर करतो ती हालचाल वेगळी आणि दुसऱ्याने त्याच्याकडून करवलेली वेगळी, हा विभागातला पहिला धडा. यादवने तो कितीतरी शिकाऊ मुलींना स्वतः सांगितला होता. त्याच्या चुकीला अज्ञानाची सबब नव्हती.

तो मॅडमकडे गेला. त्यांनी शांतपणे ऐकून विचारले, "त्या कागदावर तुझी सही आहे का?"

"सही नाही. हात आहे."

"डॉक्टरांनीही बघायला हवं होतं. पण तू लिहून दिलंस तर सगळं तुझ्यावर येईल, हे समजून लिही."

हिरामण, त्याच्याबरोबरचा जुना कामगार, जेवताना म्हणाला, "सायबाची चूक सायबाला दाखवायची नाय रे. परत झाडू हातात येईल तुझ्या."

"येऊ दे. झाडूनं कुणाचं प्रमाणपत्र जात नाही."

अर्ज गेला आणि महिनाभराने फेरतपासणीची तारीख मिळाली. डॉक्टर तेच होते. खोलीत आणखी दोन अधिकारी आणि बाकावर सात-आठ माणसे होती. यादव रंगूबाईपासून दोन पावले दूर उभा राहिला. त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एका हाताने दुसऱ्याचे मनगट धरले.

"वर घ्या."

तिने सगळा जोर लावला. खांदा कानाकडे आखडला, धड उलट बाजूला कलले, ओठ दातांखाली गेले. हात लुगड्याला घासत थोडा वर आला आणि थरथरू लागला.

"बाई, वाकू नका. सरळ उभ्या राहा."

सरळ उभी राहताच हात आणखी खाली आला. रंगूबाईने मान वळवून यादवकडे पाहिले.

"भाऊ, लाव ना हात."

बाकावरच्या माणसांनीही त्याच्याकडे पाहिले. यादवने मनगटावरची पकड घट्ट केली. ओझ्याखाली वाकलेल्या माणसापाशी उभे राहून हात न लावणे, हे त्याच्या घरात कुणी केले नव्हते. तिच्या डोळ्यांतून पाणी आले तरी तो हलला नाही.

"वीस," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी स्वतः तिचे कोपर धरून हात उचलला. तो कानापर्यंत गेला. सोडताच दगडासारखा खाली आला. त्यांनी खांद्याचा गोलवा दाबून पाहिला. मांस ओसरून तिथे नुसते हाड लागत होते. मग त्यांनी पंचेचाळीस टक्के हा आकडा लिहिला आणि मान वर न करता विचारले, "त्या दिवशी असे आणखी किती खांदे तू धरलेस?"

"लक्षात नाही, साहेब," यादव म्हणाला. ते खरे होते, आणि तेच त्याला सहन होईना.

बाहेर आल्यावर रंगूबाई कडाडली. "एवढ्या मानसांत फजिती केलीस माझी! तुझ्या आयनं हेच शिकवलं का तुला?"

यादवने तिला आकडा सांगितला. ती पायरीवर बसली.

"मंग मीना?"

"मीना शाळेत राहील."

ती पदराने तोंड पुसत राहिली. मग म्हणाली, "आधी सांगायचं नाय का, येड्या? मी आजून वाकडी झाली असती."

"म्हणूनच नाही सांगितलं."

ती हसली. पेठची गाडी पाचला होती. तिला फाटकापर्यंत पोचवून यादव परत आत गेला आणि शिबिराची नोंदवही पाहायला मागितली. डॉक्टरांनी ती पुढे सरकवली. रंगूबाई सोडून खांद्याच्या तक्रारीची तेवीस नावे निघाली. टेबलाच्या कडेला उभ्याने त्याने ती गावांसकट उतरून घेतली.

पुढची दोन वर्षे तो रजेच्या दिवशी गावे धुंडाळत फिरला. चौदा जण सापडले. त्यातल्या तिघांना फेरतपासणीची तारीख मिळाली आणि दोघांचे आकडे बदलले. तिसरा तारीख येण्याआधीच वारला होता, हे यादवला त्याच्या दारात गेल्यावर कळले. उरलेली नऊ माणसे कामासाठी कुठे गेली, हे त्यांच्या पाड्यांनाही ठाऊक नव्हते. २००९ साली यादव निवृत्त झाला. निरोपाच्या भाषणात सगळ्यांनी त्याच्या हातांची स्तुती केली. तो मान खाली घालून ऐकत होता. ती नऊ नावे त्याने ज्योत्स्ना मॅडमच्या स्वाधीन केली आणि कुणी आलेच तर पुन्हा मोजा, एवढे सांगितले.