उतरलेली तार

बाबांनी चाळीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावून दिले, पण टाळ्या कायम वादकालाच पडल्या. ते निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना एका जुन्या जॅझ पियानोवादकाच्या गाजलेल्या मैफलींचा दहा सीडींचा संच दिला. तिसरी सीडी ऐकताना ते ताडकन उठले.

"वरची एक तार उतरलीय! लावणारा गाढव होता!"

मग कपाळाला आठ्या घालून पुढचं ऐकायला बसले. त्या वादकानं मैफल संपेपर्यंत त्या तारेची पट्टी पुन्हा एकदाही दाबली नाही. दरवेळी तो शेजारून वळसा घालून गेला, आणि श्रोत्यांना पत्ताही लागला नाही.

बाबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"सांभाळून घेतलं गं त्यानं आमच्या माणसाला."